फळी घडवावी की विकत घ्यावी?

न्यू ऑर्लीन्स येथे ९ फेब्रुवारी २०२५ रोजी झालेल्या सुपर बोलच्या सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सचा ४० विरुद्ध २२ असा पाडाव केला आणि अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलचे अजिंक्यपद सलग तिसऱ्यांदा मिळविण्याचे कॅन्ससचे स्वप्न धुळीस मिळाले. पराभूत संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स हा या पिढीतील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. त्या रात्री चेंडू हातातून सुटण्याआधीच त्याला सहा वेळा जमिनीवर लोळविण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, याच दोन संघांच्या अंतिम सामन्यात त्याला एकदाही कोणी असे खाली पाडू शकले नव्हते आणि कॅन्ससने ३८ विरुद्ध ३५ असा विजय मिळविला होता. माहोम्स तोच होता आणि प्रशिक्षकही तोच होता. त्याच्यापुढे उभी राहणारी पाच माणसांची भिंत मात्र पूर्वीची राहिली नव्हती. तिच्या दोन्ही टोकांचे बुरूज बदलले होते.

अमेरिकन फुटबॉल हा नावापुरताच पायांचा खेळ आहे. चेंडू बहुतांशी हाताने फेकला जातो किंवा छातीशी कवटाळून पळविला जातो. हे फेकण्याचे काम क्वार्टरबॅकचे. त्याला दोन-तीन सेकंदांची उसंत मिळवून देण्यासाठी प्रतिपक्षाच्या धटिंगणांना अंगावर घेणारे पाच लाइनमन त्याच्यापुढे असतात. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. एकेकाचे वजन १४० किलोच्या आसपास. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच काय तो त्यांचा चेंडूशी संबंध. कबड्डीच्या मैदानात हातात हात गुंफून उभ्या राहिलेल्या साखळीतील एक कडी निसटली की बाकीच्यांचे बळ फुकट जाते, तसाच हा प्रकार आहे. पाचांपैकी चौघांनी आपले काम चोख बजावले आणि एक जण चुकला, तर निकाल पाचही जण चुकल्यासारखाच लागतो.

ही माणसे मिळवायची कोठून, हा तेथील प्रत्येक संघचालकापुढचा दर वर्षीचा प्रश्न आहे. मार्ग मुख्यतः दोन. एक ड्राफ्टचा. १९३६ पासून चालत आलेल्या या पद्धतीत महाविद्यालयीन मैदानांवरून येणाऱ्या तरुणांची संघांनी आळीपाळीने निवड करायची असते. आज ३२ संघ आणि सात फेऱ्या आहेत, आणि गेल्या हंगामात जो सर्वांत दुबळा ठरला त्याची पाळी पहिली. दुसरा मार्ग फ्री एजन्सीचा. ज्या खेळाडूचा करार संपला त्याने मार्च महिन्यात खुल्या बाजारात उभे राहायचे आणि जो संघ अधिक देईल त्याच्याकडे जायचे. फळी ड्राफ्टमधून घडवावी, बाजारातून फार तर ठिगळे आणावीत, असा जाणत्यांचा कौल सहसा पडतो. हा कौल चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. तथापि, त्याच्या समर्थनार्थ संघचालकांच्या दूरदृष्टीचे जे गोडवे गायिले जातात ते अर्थशास्त्राच्या कसोटीवर तपासून घेण्यासारखे आहेत.

मुक्ततेची किंमत

मुळात ज्याला येथे खुला बाजार म्हणावयाचे तो या खेळात आपोआप आलेला नाही. तो न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून मिळविलेला आहे. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाकडे गेला तर त्या संघाने पहिल्या संघाला कोणती भरपाई द्यावी हे लीगच्या आयुक्तांनी ठरवावे, असा नियम १९६३ साली झाला. रोझेल हे त्या आयुक्तांचे नाव आणि त्याच नावाने हा नियम ओळखला जाई. भरपाई किती पडेल हे आधी कळत नसल्यामुळे अशा खेळाडूच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. १९७६ साली मॅकी खटल्याच्या निकालाने हा नियम मोडला, परंतु पुढच्याच वर्षीच्या कामगार करारात भरपाईच्या दुसऱ्या अटी घालून दार पुन्हा जवळपास बंद करण्यात आले. १९८९ मध्ये मालकांनी प्रत्येक संघाला ३७ खेळाडू राखून ठेवण्याची मुभा देऊन उरलेल्यांना मोकळे केले. घरातले चांगले सामान कुलपात ठेवून अडगळ तेवढी दारात मांडण्याचाच हा प्रकार होता. १९९२ मध्ये मिनियापोलिस येथील ज्यूरीने फ्रीमन मॅकनील याच्या दाव्यात ही व्यवस्था बेकायदा ठरविली, आणि १९९३ पासून खरी मुक्तता आली. तिच्या बदल्यात खेळाडूंनी १९९४ पासून वेतनमर्यादा मान्य केली. प्रत्येक संघाने वेतनावर करावयाच्या खर्चाला त्या वर्षी ३ कोटी ४६ लाख डॉलरांची कमाल मर्यादा होती. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाखांवर गेली होती.

दार उघडताच पहिल्या वर्षीच बाजाराने काय केले हे पाहण्यासारखे आहे. विल वोल्फर्ड हा बफेलो संघाचा डावा टॅकल. इंडियानापोलिसने त्याला तीन वर्षांसाठी ७६ लाख ५० हजार डॉलर देऊ केले आणि संघाच्या आक्रमणातील सर्वांत अधिक वेतन त्यालाच मिळेल असे कलम करारात घातले. बफेलोला त्याला ठेवून घ्यायचे तर हेच कलम पाळावे लागणार, म्हणजे क्वार्टरबॅकपेक्षाही त्याला अधिक द्यावे लागणार. बफेलोने नाद सोडला. बहुतेक क्वार्टरबॅक उजव्या हाताने चेंडू फेकतात, त्यामुळे डाव्या बाजूने येणारा हल्ला त्यांना दिसत नाही. ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. पण डाव्या टॅकलच्या कामाचे खरे मोल तोवर झाले नव्हते, कारण मोल करणारा बाजारच अस्तित्वात नव्हता. गुणांच्या प्रमाणात वेतन आपसूक वाढत जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी १९९२ चे आणि १९९३ नंतरचे वेतन शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

ड्राफ्टमधून येणाऱ्या तरुणाला हा बाजार उपलब्ध नाही. ज्या संघाने निवडले त्याच्याशीच त्याने करार करायचा. आयपीएलच्या लिलावात अठरा-एकोणीस वर्षांच्या नवख्या मुलासाठीही सगळे संघ उघड बोली लावू शकतात. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या देशात मात्र नवोदितांचे रीतसर वाटप होते, हा विरोधाभास मौजेचा खरा. २०११ च्या कामगार करारापर्यंत निदान रकमेबाबत घासाघीस करण्याची सोय होती. त्या करारानंतर निवडीच्या क्रमांकानुसार वेतन जवळजवळ ठरूनच गेले. चार वर्षांचा करार, पहिले तीन हंगाम संपेपर्यंत फेरविचार नाही, आणि पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षीही ठेवून घेण्याचा पर्याय संघाच्या हाती.

या बदलाचा अर्थ दोन आकड्यांतून स्पष्ट होतो. २००८ साली मायामीने जेक लाँग या टॅकलची सर्वांत पहिली निवड केली तेव्हा त्याचा करार झाला पाच वर्षांसाठी ५ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरांचा. २०१३ साली कॅन्सस सिटीने एरिक फिशर या टॅकलचीच सर्वांत पहिली निवड केली, आणि त्याचा चार वर्षांचा करार झाला सुमारे २ कोटी २० लाखांचा. क्रमांक तोच आणि मैदानावरील जागाही तीच. बदलला होता फक्त नियम. लाँगचे पुढे काय झाले हेही येथेच सांगितले पाहिजे. २०१३ मध्ये तो मुक्त होऊन सेंट लुइसकडे गेला आणि तेथे लागोपाठ दोन हंगामांत त्याचा गुडघा निकामी झाला. त्याची मोठी कमाई झाली ती जुन्या नियमामुळे, गुडघे शाबूत असताना. नव्या नियमाखाली आलेल्या मुलाला मात्र हीच वर्षे ठरल्या भावात काढायची आहेत.

महाराष्ट्रातील जुन्या वाचकांना साखरेची दुहेरी किंमत आठवत असेल. कारखान्याच्या उत्पादनाचा ठरावीक हिस्सा सरकारी लेव्ही भावाने द्यायचा, उरलेला खुल्या बाजारात विकायचा. २०१३ साली ही लेव्ही रद्द झाली. रेशनच्या दुकानातील साखर वाण्याकडच्या साखरेपेक्षा स्वस्त पडली म्हणून त्या काळी कोणी गृहिणीच्या घासाघिशीचे कौतुक केले नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये नेमके हेच कौतुक चालते. ड्राफ्टमधला लाइनमन स्वस्त पडतो तो निवडणाऱ्याच्या पारखी नजरेमुळे नव्हे, तर त्याचा भाव नियमाने बांधलेला आहे म्हणून. पारख लागते ती पुढची गोष्ट.

बाजारात कोणता बैल येतो?

खुल्या बाजारात भाव चढा असतो एवढ्यावरच भागत नाही. चढ्या भावाने घेतलेली वस्तू निकृष्ट निघण्याचा धोकाही तेथेच अधिक. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन जो सिद्धांत मांडला, तो आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. पेरणीच्या तोंडावर दावणीचा उमदा बैल कोणी बाजारात नेत नाही. जो नेतो त्याच्या बैलाकडे घेणाऱ्याने दोनदा पाहावे. माणसांना बैलांची उपमा देणे प्रशस्त नव्हे, पण ड्राफ्टपूर्वी उंची, वजन, हातांची लांबी मोजण्याचा जो जाहीर सोहळा तेथे होतो तो पाहता उपमेचा दोष सर्वस्वी लेखणीचा नाही. खेळाडूची पाठ सकाळी किती आखडते, सरावात तो कोठे अंग राखतो, हे त्याच्या जुन्या संघाला ठाऊक असते. बोली लावणाऱ्याला दिसतात ती चित्रफितीतली दृश्ये.

नेट सोल्डरचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. न्यू इंग्लंडने २०११ साली पहिल्या फेरीत निवडून घडविलेला हा डावा टॅकल २०१८ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, न्यूयॉर्क जायंट्सने चार वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलरांना घेतला. त्या चार वर्षांत जायंट्सच्या वाट्याला एकही विजयी हंगाम आला नाही. सगळा दोष एकट्या सोल्डरचा होता असे कोणी म्हणणार नाही. २०२० चा हंगाम तर महामारीमुळे तो खेळलाच नाही. इकडे न्यू इंग्लंडने त्याच्या जागी सॅन फ्रान्सिस्कोकडून अदलाबदलीत आणलेल्या ट्रेंट ब्राउनला उभे केले, दान्ते स्कारनेकिया या वृद्ध प्रशिक्षकाने त्याला तयार केले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये संघाने सुपर बोल जिंकला. मग ब्राउनही मुक्त झाला. रेडर्सनी त्याला चार वर्षांसाठी ६ कोटी ६० लाख देऊ केले, आणि दोन हंगामांनंतर अदलाबदलीत तो पुन्हा न्यू इंग्लंडकडेच परतला.

अडचण एवढ्यावर संपत नाही. अल्चियन आणि डेमसेट्झ यांनी १९७२ च्या एका प्रसिद्ध निबंधात दोन माणसे मिळून जड माल मालमोटारीत चढवितात असे उदाहरण दिले आहे. माल चढलेला दिसतो; त्यात कोणाचा किती वाटा हे दिसत नाही. पाच जणांच्या फळीत हेच होते. शेजारचा गार्ड हुशार असेल तर मध्यम टॅकलही उत्तम भासतो. खरेदीदार एकाचे पैसे मोजतो आणि त्याच्या शेजाऱ्याचे गुण मागेच राहतात.

मग बाजारातून घेतलेला लाइनमन नेहमीच फसवा निघतो काय? तसे मुळीच नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही टॅकल जायबंदी असताना कॅन्सस सिटीने टँपा बेविरुद्धचा अंतिम सामना ३१ विरुद्ध ९ असा गमावला आणि काही आठवड्यांतच सगळी फळी नव्याने बांधावयास घेतली. जो थूनी हा गार्ड पाच वर्षांसाठी ८ कोटी डॉलरांना बाजारातून आणला, ऑर्लँडो ब्राउन हा टॅकल अदलाबदलीत घेतला, क्रीड हम्फ्री हा सेंटर ड्राफ्टच्या दुसऱ्या आणि ट्रे स्मिथ हा गार्ड सहाव्या फेरीत मिळविला. २०२३ च्या अंतिम सामन्यात माहोम्सला ओरखडाही न उमटू देणारी फळी ती हीच. थूनी न्यू इंग्लंडमधल्या पाच हंगामांत एकाही सामन्याला मुकला नव्हता. मग त्याच्या जुन्या धन्याने त्याला सोडले का? उत्तर नियमांत आहे. लाडक्या खेळाडूला एका वर्षासाठी अडवून ठेवायचे तर त्या जागेच्या सर्वोच्च दरांच्या सरासरीने वेतन द्यावे लागते, आणि त्यासाठी टॅकल, गार्ड व सेंटर हे सारे एकाच गटात धरले जातात. म्हणजे गार्डला अडवायचे तर टॅकलचा भाव मोजावा लागतो. न्यू इंग्लंडने थूनीला २०२० मध्ये एकदा अडविले; पुन्हा तसे करणे परवडणारे नव्हते. म्हणून उत्तम टॅकल बाजारात क्वचित दिसतो, उत्तम गार्ड मात्र दिसतो. बाजार वाईट की चांगला हा प्रश्न मोघम आहे. विकणारा का विकतो आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

सिनसिनाटीची कथा तर दोन्ही बाजूंच्या पढिक पंडितांना गप्प करणारी आहे. या संघाने २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन्ही फेऱ्यांत टॅकल निवडले आणि त्यांच्या भरवशावर, २०१७ साली, आपल्या अँड्र्यू व्हिटवर्थ या ३५ वर्षांच्या डाव्या टॅकलला जाऊ दिले. दावणीतील तरुण आणि स्वस्त जनावर ठेवून म्हातारे सोडावे, हा पाठ्यपुस्तकी हिशेब होता. दोघे तरुण अपेक्षेला उतरले नाहीत. व्हिटवर्थ लॉस एंजेलिसला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोलच्या सामन्यात सिनसिनाटीच्या क्वार्टरबॅकला सात वेळा पाडण्यात आले, सामना २३ विरुद्ध २० असा हातचा गेला, आणि जिंकणाऱ्या संघाचा डावा टॅकल होता चाळीस वर्षांचा व्हिटवर्थ.

ड्राफ्टमधील पारखीचा पुरावा याहून व्यापक आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्यानंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता शंभरात अवघी बावन्न आढळली. नाणे उडविण्याहून फार वेगळे असे हे प्रमाण नव्हे. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाने निवडलेला टॅकल ल्यूक जोकेल याला पाचव्या वर्षी ठेवून घेण्याचा पर्याय जॅक्सनव्हिलने वापरलाही नाही. चौथ्या क्रमांकाचा लेन जॉन्सन २०२५ च्या विजयी फळीत उभा होता.

त्या विजयी फळीतील पाचांपैकी चौघे फिलाडेल्फियाने स्वतः निवडलेले होते. त्यांतील डावा टॅकल जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातील रग्बी खेळणारा मुलगा. २०१८ मध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकाने निवड झाली तोवर तो अमेरिकन फुटबॉलचा एक सामनाही खेळला नव्हता. जेफ स्टाउटलंड या प्रशिक्षकाने त्याला दोन हंगाम शिकविले, मग मैदानात उतरविले. पाचवा, उजवा गार्ड मेकाय बेक्टन, हा न्यूयॉर्क जेट्सने पहिल्या फेरीत निवडलेला आणि वाया गेलेला टॅकल. एका वर्षाच्या स्वस्त करारावर त्याला आणून त्याची जागा बदलण्यात आली. शिक्षक चांगला असला की ड्राफ्टही फळतो आणि बाजारही, असेच यातून दिसते. पण २०११ च्याच कराराने अंगावर चिलखत चढवून करावयाच्या सरावाला हंगामात चौदा दिवसांची मर्यादा घातली. खेळाडूंच्या शरीरांसाठी हे योग्यच झाले. ज्या कलेत धक्का खाऊनच शिकावे लागते, त्या कलेचा शिक्षक मात्र त्यामुळे अधिक दुर्मिळ आणि अधिक मोलाचा झाला.

बचत कोणाची?

ट्रे स्मिथची निवड २०२१ मध्ये २२६ व्या क्रमांकाने झाली, कारण त्याच्या प्रकृतीबद्दल शंका होत्या. त्याचा मूळ करार चार वर्षे मिळून चाळीस लाख डॉलरांच्याही आतला. त्या चार वर्षांत तो दोन विजेत्या संघांत खेळला. जुलै २०२५ मध्ये त्याला पुढील चार वर्षांसाठी ९ कोटी ४० लाखांचा करार मिळाला. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे ड्राफ्टची बचत. ती कोणाच्या तरी शहाणपणातून निर्माण झाली असे मानणे भाबडेपणाचे आहे. ती स्मिथच्या पहिल्या चार वर्षांच्या श्रमातून निघाली. त्याचा शेवट गोड झाला. गुडघा मध्येच गेला असता तर तो चाळीस लाखांतच संपला असता, आणि असे संपलेले किती जण आहेत याची यादी कोणी ठेवत नाही.

२०११ चा करार खेळाडूंच्या संघटनेने मान्य केला होता, असे यावर उत्तर दिले जाते. ते खरे आहे, परंतु संघटनेत मत होते ते त्या वेळच्या सभासदांना. पुढल्या वर्षी महाविद्यालयातून येणाऱ्याला नव्हते. नवोदितांचे कापून अनुभवींना द्यावे असा तो सौदा होता. प्रत्यक्षात, स्वस्त तरुण हाताशी आहे म्हटल्यावर मधल्या दर्जाच्या अनुभवी लाइनमनला काढण्याचा मोह संघांना अधिकच झाला. कामगार चळवळीचा इतिहास शिकविणाऱ्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

कॅन्सस सिटीने २०२५ च्या पराभवानंतर काय केले? २०२४ मध्ये डाव्या टॅकलच्या जागी दुसऱ्या फेरीतला नवखा उभा करून पाहिला होता, तो दुसऱ्याच सामन्यात बसवावा लागला होता आणि अखेर गार्ड असलेल्या थूनीलाच तेथे सरकवावे लागले होते. मार्चमध्ये थूनीला २०२६ च्या चौथ्या फेरीतील एका निवडीच्या मोबदल्यात शिकागोकडे धाडण्यात आले. एप्रिलमध्ये ओहायो स्टेटचा टॅकल जॉश सिमन्स निवडला गेला. आदल्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या गुडघ्याला गंभीर इजा झाली होती, म्हणून तो ३२ व्या क्रमांकापर्यंत खाली आला. आणि क्रमांक ३२ झाल्यावर पुढल्या चार वर्षांचे वेतन किती, हा प्रश्न कोणी कोणाला विचारण्याची गरज उरली नाही.